वाद, जल्प आणि वितंडा : लढाईच्या ॲनिमे मालिकांची खोली कशी मोजावी?



आजच्या विषयाची पाटी वाचून तुमच्यापैकी काही जण दचकले असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात सगळी हयात घालवलेला, सत्तरी ओलांडलेला माणूस बोलणार कशावर, तर जपानी कार्टूनवर! पण हा विषय आम्ही निवडलेला नाही. तो आमच्या गळ्यात पडला, आणि पडला तो इथेच, वागळे इस्टेटमध्ये.

त्याचं असं झालं. निवृत्तीनंतर आम्ही किसननगरच्या बाजूला एका छोट्या अभ्यासिकेत संध्याकाळी जाऊन बसतो. दहावी-बारावीची मुलं येतात, आयटीआयची येतात, काही दिवसभर काम करून रात्रीच्या कॉलेजला जाणारी येतात. तुम्हाला माहीतच आहे, एमआयडीसी स्थापन झाली १९६२ साली आणि आपली वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. या मुलांचे आजोबा इथे लेथवर उभे राहिले, वडिलांनी कंपन्या बंद होताना पाहिल्या. आता गाळ्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या आणि मुलांच्या हातात मोबाईल आला. तर ही मुलं अभ्यासिकेच्या पायरीवर बसून रोज एकच वाद घालायची : गोकू जिंकेल की नारुतो? कुणाची ताकद जास्त? अगदी हमरीतुमरीवर येऊन.

एक दिवस आम्ही वैतागून म्हणालो, "अरे, ही मारामारीची कार्टूनं सोडा आणि महाभारत वाचा." त्यावर एक पोरगा शांतपणे म्हणाला, "सर, महाभारतात पण मारामारीच आहे ना? आणि तुम्ही यातलं एक तरी बघितलंय का?"

आम्ही गप्प झालो. मुलगा आगाऊ होता म्हणून नव्हे, त्याचं म्हणणं बरोबर होतं म्हणून. ज्या शास्त्रात आमचं आयुष्य गेलं, त्याचा पहिला नियम असा आहे की समोरच्याचं म्हणणं नीट मांडल्याशिवाय ते खोडायचं नाही. त्याला आपल्याकडे 'पूर्वपक्ष' म्हणतात. आम्ही पूर्वपक्ष न ऐकताच निकाल दिला होता.

मग आम्ही ठरवलं की बघायचं. मुलांनी यादी करून दिली, नातीने तिच्या टॅबवर लावून दिलं, आणि जवळजवळ दोन वर्षं आम्ही रोज रात्री जेवणानंतर बघत राहिलो. त्यातून जे कळलं ते आज सांगतो. आधीच माफी मागून ठेवतो, कारण बोलताना काही कथांचे शेवट उघड होतील. ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी रागावू नये.

मोजपट्टी कोणती?

खोली मोजायची तर आधी मोजपट्टी हवी. मुलांची मोजपट्टी ताकदीची. समीक्षकांची कधी चित्रांची, कधी लांबीची. लांबीचा आणि खोलीचा संबंध नाही, हे लगेच कळतं. 'नारुतो' आणि 'नारुतो शिप्पुदेन' मिळून ७२० भाग आहेत. 'फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहूड' फक्त ६४ भागांत संपते. 'वन पीस' १९९९ पासून चालूच आहे आणि हजाराच्या पुढे गेली आहे. या लांबीचं कारण बऱ्याचदा व्यावहारिक असतं. मूळ चित्रकथा, म्हणजे मांगा, दर आठवड्याला किंवा महिन्याला साप्ताहिक-मासिकातून येते. मालिका तिच्या जवळ येऊन पोचली की मूळ कथा पुढे सरकेपर्यंत मध्ये काहीतरी भरावं लागतं. आपल्याकडे कीर्तनकार पाणी पाजत पाजत आख्यान लांबवतो, तसंच ते.

तेव्हा आम्ही आमच्याच कपाटातली मोजपट्टी काढली. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितलेत, त्यांत ओळीने तीन येतात : वाद, जल्प आणि वितंडा. आपण रोजच्या मराठीत वाद आणि वितंडवाद हे शब्द वापरतो, पण मूळ अर्थ नेमका आहे. 'वाद' म्हणजे सत्य काय ते कळावं म्हणून केलेली चर्चा. त्यात दोन्ही बाजूंना आपापला पक्ष असतो आणि समोरच्याकडून शिकण्याची तयारी असते. 'जल्प' म्हणजे जिंकण्यासाठी केलेली चर्चा. पक्ष दोघांनाही असतो, पण डोळा विजयावर. आणि 'वितंडा' म्हणजे स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचं फक्त मोडून काढणं.

आमचं म्हणणं एवढंच आहे की लढाईची कथा हीसुद्धा एक चर्चाच असते. दोन माणसं तलवारीने किंवा मंत्राने भांडतात तेव्हा त्यांच्यामागे दोन मतं भांडत असतात, किंवा भांडत नसतात. त्यामुळे कुठल्याही मालिकेतल्या लढाईला विचारता येतं : बाई, तू वाद आहेस, जल्प आहेस की वितंडा?

आणखी एक. न्यायशास्त्रात चर्चेत हरण्याच्या बावीस जागा सांगितल्या आहेत, त्यांना 'निग्रहस्थानं' म्हणतात. त्यातल्या दोन आज आपल्याला लागतील. एक 'अननुभाषण', म्हणजे समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने पुन्हा मांडता न येणं. दुसरी 'अप्रतिभा', म्हणजे त्याच्या म्हणण्यावर उत्तर न सुचणं. हे दोन शब्द लक्षात ठेवा.

जल्प : ड्रॅगन बॉल झेड

सुरुवात सगळ्यांच्या लाडक्या गोकूपासून करू. अकिरा तोरियामांनी 'ड्रॅगन बॉल' १९८४ मध्ये 'साप्ताहिक शोनेन जंप'मध्ये सुरू केलं. 'झेड' ही मालिका १९८९ ते १९९६ अशी चालली, २९१ भाग. आज तिशी-पस्तिशीत असलेल्या आपल्या मुलांनी ती शाळेत असताना कार्टून नेटवर्कवर बघितली. तोरियामा मार्च २०२४ मध्ये गेले तेव्हा अभ्यासिकेतल्या मुलांचे मोठे भाऊ हळहळले होते, हे आम्ही पाहिलंय.

या मालिकेत एक प्रसंग आहे. व्हेजिटा नावाचा शत्रू पृथ्वी नष्ट करायला येतो, गोकूचे मित्र मारले जातात. शेवटी व्हेजिटा जखमी होऊन सरपटत पळू लागतो आणि गोकूचा मित्र त्याला संपवायला तलवार उचलतो. गोकू म्हणतो, जाऊ दे त्याला. का? दयेपोटी? थोडी दया असेलही, पण मुख्य कारण असं की गोकूला त्याच्याशी पुन्हा एकदा लढायचं असतं.

मुलांना आम्ही विचारलं, "हे कुठे पाहिल्यासारखं वाटतं?" एकाने लगेच सांगितलं, "सर, कुस्ती!" अगदी बरोबर. गावच्या जत्रेतला फड आठवा. निकाली कुस्ती झाली, हरलेला उठला, जिंकलेल्याने हात मिळवला, आणि पुढच्या जत्रेला पुन्हा गाठ. तिथे पैलवानाला कुणी विचारत नाही की बाबा रे, तुझं जीवनाविषयी मत काय. विचारणं हाच मूर्खपणा ठरेल. हा जल्प आहे, आणि उत्तम प्रतीचा आहे. जल्प म्हणजे वाईट असं न्यायशास्त्रही म्हणत नाही.

पण मग या कथेत मरणाला वजन उरत नाही. ड्रॅगनचे सात गोळे गोळा केले की मेलेला परत येतो. फडात कुणी मरत नसतं, म्हणून इथेही कुणी कायमचं मरत नाही. त्याबद्दल तक्रार करू नये. फक्त तिथे खोली शोधायला जाऊ नये.

उशिरा ऐकलेला पूर्वपक्ष : डेमन स्लेयर

आता आजकालचं. कोयोहारु गोतौगे यांची 'डेमन स्लेयर' मांगा म्हणून २०१६ ते २०२० चालली, मालिका २०१९ मध्ये आली. सप्टेंबर २०२५ मध्ये तिचा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट आपल्याकडेही हिंदीसकट लागला, तेव्हा ठाण्याच्या मॉलमध्ये पहाटेच्या खेळाला आमची निम्मी अभ्यासिका रिकामी झाली होती.

कथानायक तांजिरो. घरच्यांची राक्षसाने हत्या केलेली, वाचलेली बहीण स्वतःच राक्षस झालेली. तो राक्षसांशी लढतो. पण प्रत्येक मोठा राक्षस मरताना त्याचं माणूस असतानाचं आयुष्य आपल्याला दिसतं. रुई नावाचा एक लहान मुलगा आहे, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सोडणारा. तो मरून राख होतो, मागे नुसते कपडे उरतात, आणि एक योद्धा त्या कपड्यांवर पाय देतो. तांजिरो त्याला पाय काढायला सांगतो. हा राक्षसही एकदा माणूसच होता, असं त्याचं म्हणणं.

प्रसंग सुंदर आहे. आमच्या घरात तो बघताना आमच्या सौभाग्यवतींनी डोळे पुसले. पण न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याने इथे एक गोष्ट टिपायला हवी. रुईची बाजू आपल्याला कधी कळते? निकाल लागल्यावर. पूर्वपक्ष मांडला जातो, पण मान उडाल्यावर. त्यामुळे तांजिरोला त्याचं उत्तर द्यावं लागत नाही. करुणा खरी आहे, तिची खोटी नक्कल नाही. पण मृत्युलेखात माणसाबद्दल चांगलं लिहिणं सोपं असतं. जिवंतपणी त्याचं ऐकून घेणं अवघड.

वादाची सुरुवात : नारुतो

म्हणून आम्हाला 'नारुतो'तला एक भाग फार मोलाचा वाटतो. मासाशी किशिमोतोंची ही कथा १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं छापून येत होती, सातशे प्रकरणं. तिच्यात नागातो नावाचा शत्रू येतो, 'पेन' या नावाने. तो नारुतोच्या गुरूला, जिराइयाला, मारतो. नारुतोचं गाव एका क्षणात जमीनदोस्त करतो. आणि हा नागातोही जिराइयाचाच शिष्य असतो. म्हणजे दोघे गुरुबंधू. आपल्याला द्रोणाच्या अंगणात वाढलेले कौरव-पांडव आठवायला हरकत नाही.

लढाईत नारुतो वरचढ ठरतो. आणि मग तो लढाई पुढे न नेता नागातोकडे बोलायला जातो. नागातो सांगतो की मी लहान असताना तुझ्याच गावच्या सैनिकांनी माझे आईबाप मारले. तुम्ही मोठ्या गावांनी आमच्या छोट्या देशाला रणांगण केलं. तुम्हाला तुमचं माणूस गेल्यावर दुःख होतं, आम्हाला होत नव्हतं का? आता सांग, हे द्वेषाचं चक्र तू कसं थांबवणार?

नारुतोला उत्तर येत नाही. हीच ती अप्रतिभा. शास्त्राप्रमाणे नारुतो चर्चेत हरलेला आहे, रणांगणात जिंकलेला असूनही. तो कबूल करतो की माझ्या मनात अजून तुला मारण्याचीच इच्छा आहे. पण गुरूने ज्या शक्यतेवर विश्वास ठेवला होता, त्या शक्यतेवर तोही विश्वास ठेवायचं ठरवतो. नायकाला निरुत्तर करण्याचं धाडस फार थोड्या कथांत असतं.

आणि नेमकं इथेच किशिमोतो कच खातात, असं आमचं मत. नागातोचं मन पालटतं आणि तो स्वतःचा प्राण देऊन त्या हल्ल्यात मेलेल्या गावकऱ्यांना जिवंत करतो. झालं! एवढा मोठा प्रश्न विचारला आणि लगेच त्याची किंमत माफ करून टाकली. गावकरी मेलेलेच राहिले असते, तर नारुतोला त्यांच्या घरच्यांसमोर उभं राहून सांगावं लागलं असतं की मी त्याला सोडून दिलं. ते घडलं असतं तर ही कथा कुठल्या कुठे गेली असती.

जंगलातून मुलं बाहेर काढणं : अटॅक ऑन टायटन

हाजिमे इसायामांची 'अटॅक ऑन टायटन' २००९ ते २०२१ छापली गेली, मालिका २०१३ ते २०२३. तीन पर्वं आपण तटबंदीच्या आतून बघतो. बाहेर माणसं खाणारे राक्षस, आत बिचारी माणसं. मग कळतं की राक्षस हे आपल्याच रक्ताची माणसं आहेत, त्यांना तसं बनवलं गेलंय, आणि समुद्रापलीकडे एक मोठं जग आपल्यालाच राक्षस समजतंय. चौथं पर्व सुरू होतं ते थेट शत्रूच्या गल्लीत, शत्रूच्या मुलांबरोबर. पूर्वपक्ष इतक्या ताकदीने मांडणारी दुसरी लढाईची मालिका आम्ही पाहिलेली नाही.

तिथे गाबी नावाची बारा-तेरा वर्षांची मुलगी आहे. तिच्या वस्तीवर आपल्या नायकाने, एरेनने, हल्ला केलेला. तिची माणसं मेलेली. ती शत्रूच्या विमानात चढते आणि साशा नावाच्या आपल्या लाडक्या मुलीला गोळी घालते. पुढे योगायोग असा की साशाच्याच आईवडिलांच्या घरी गाबीला आसरा मिळतो. खरं कळतं तेव्हा साशाच्या बापाच्या हातात सुरी असते. तो मारत नाही. त्याचं म्हणणं असं की आम्ही शिकारी माणसं, मुलीला जंगलाबाहेरच्या जगात पाठवलं, पण ते जगही एक मोठं जंगलच निघालं. मोठ्यांच्या पापाचं ओझं मोठ्यांनी उचलावं, निदान मुलांना या जंगलातून बाहेर काढावं.

हा भाग आम्ही अभ्यासिकेत मुलांबरोबर पुन्हा बघितला. आणि इथे आजच्या भाषणाचं खरं कारण सांगायला हवं. त्या मुलांत एक जण होता, त्याच्या मोठ्या भावाला थोड्याच दिवसांपूर्वी दुसऱ्या गल्लीतल्या पोरांनी क्रिकेटच्या मॅचवरून स्टंपने मारलं होतं. डोक्याला टाके पडलेले. पायरीवर 'बदला' हा शब्द आम्ही दोन-तीनदा ऐकला होता आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. भाग संपल्यावर सगळे गप्प. मग तो मुलगा म्हणाला, "पण सर, सुरुवात त्यांनी केली."

दुसरा म्हणाला, "गाबी पण हेच म्हणते."

मित्रहो, आम्ही पस्तीसेक वर्षं नीतिशास्त्र शिकवलं. वर्गात एवढं नेमकं वाक्य आमच्या वाट्याला क्वचितच आलं असेल. जगातल्या प्रत्येक वैराची गोष्ट 'सुरुवात त्यांनी केली' इथून सुरू होते, आणि दोन्ही बाजूंना ती खरी वाटते.

शेवटी मात्र या मालिकेचं काय होतं? एरेन जगातली बहुतेक माणसं पायदळी तुडवतो आणि त्याच्याच मित्रांना त्याला थांबवावं लागतं. बाहेरचं सगळं पुसून टाकायचं, यापलीकडे त्याच्या हातात उभारण्यासारखं काही उरत नाही. आमच्या भाषेत ती वितंडा. पण कथा वितंडा नाही, नायक वितंडेत घसरतो आणि कथा ते आपल्याला दाखवते, हा फरक महत्त्वाचा आहे. यावर आमचं आणि मुलांचं अजून जमलेलं नाही. त्यांचा प्रश्न असतो, "सर, त्याच्याकडे दुसरा रस्ता होता का?" आम्हालाही इथे अप्रतिभाच होते. पण जी कथा बघणाऱ्याला महिनोन् महिने असं अडकवून ठेवते, ती उथळ नाही एवढं नक्की.

क्षमा न करता जखम बांधणं : फुलमेटल अल्केमिस्ट

आणि आता आमच्या यादीतली पहिली. हिरोमु अराकावा या लेखिका होक्काइदो बेटावरच्या शेतकरी कुटुंबातल्या. होक्काइदो ही मुळात ऐनू लोकांची भूमी, एकोणिसाव्या शतकात जपानने वसाहती करून ती आपलीशी केली. तिथे वाढलेल्या लेखिकेने जमीन आणि माणसं गमावलेल्या एका जमातीला कथेच्या मध्यभागी ठेवावं, हे आम्हाला अर्थपूर्ण वाटतं. मांगा २००१ ते २०१०, 'ब्रदरहूड' मालिका २००९-१०.

कथेत इश्वाल नावाच्या प्रदेशात सरकारी सैन्याने कत्तल केलेली असते. त्यातून वाचलेला स्कार नावाचा माणूस एकेका सैनिकी किमयागाराला शोधून मारतो. त्याचं दुःख आपल्याला कळतं. पण याच स्कारने, शुद्धीवर येताच भ्रमाच्या भरात, त्याचाच जीव वाचवणाऱ्या डॉक्टर जोडप्याला मारलेलं असतं. त्या डॉक्टरांची मुलगी विन्री, नायकांची बालमैत्रीण. तिला हे कळतं तेव्हा पिस्तूल तिच्या हाताशी येतं. ती रोखते, आणि गोळी घालू शकत नाही.

इथपर्यंत पुष्कळ कथा येतात. अराकावा पुढे जातात. नंतर एकदा स्कार जखमी अवस्थेत तिच्यासमोर येतो आणि विन्री त्याच्या हातावर पट्टी बांधते. स्पष्ट सांगते की मी तुला क्षमा केलेली नाही. माझे आईवडील इथे असते तर त्यांनी हेच केलं असतं, म्हणून करतेय.

बघा, किती नेमकं आहे हे! मन पालटलं नाही, मेलेले परत आले नाहीत, हिशोब मिटला नाही. तरीही वैर एक पाऊल थांबलं. या कथेचा पायाच मुळी असा आहे की काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं द्यावं लागतं. शेवटी थोरला भाऊ धाकट्याचं शरीर परत मिळवतो, आणि त्यासाठी स्वतःची किमयाविद्या कायमची देऊन टाकतो. ज्या ताकदीवर चौसष्ट भाग लढाया झाल्या, तीच ताकद. गोकू मोठा की नारुतो, या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर आम्हाला सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

आता त्या पहिल्या मुलाकडे परत येऊ. "महाभारतात पण मारामारीच आहे ना?" हो, आहे. अठरा दिवसांचं युद्ध. पण पर्वंही अठरा आहेत, आणि युद्ध संपल्यावरही ग्रंथ संपत नाही. रात्री झोपेतल्या मुलांना मारणारा अश्वत्थामा येतो. त्याच्या बापाला कपटाने मारलेलं असतं, म्हणजे त्याच्याकडेही 'सुरुवात त्यांनी केली' आहेच. पांडव त्याला पकडतात, आणि ठार करत नाहीत, डोक्यावरचा मणी काढून घेतात. मग स्त्रीपर्व येतं, गांधारी रणांगणात प्रेतं ओळखत फिरते. कर्ण हा आपला थोरला भाऊ होता हे युधिष्ठिराला कधी कळतं? युद्ध जिंकल्यावर, तर्पणाच्या वेळी. आणि सगळ्यांत मोठं पर्व युद्धाचं नाहीच. ते शांतिपर्व आहे, जिंकलेल्या राजाला राज्य नकोसं झालंय तिथून सुरू होणारं. ग्रीकांचं इलियडही विजयाने संपत नाही, शत्रूच्या, हेक्टरच्या अंत्यविधीने संपतं.

आणि जपान व आपण याबाबतीत अगदीच परके नाही. युगो साको या जपानी दिग्दर्शकाने आपल्या राम मोहन यांच्यासोबत रामायणावर ॲनिमे चित्रपट केला, १९९२ मध्ये पुरा झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला. वाल्मीकींच्या रामायणात रावण पडल्यावर राम बिभीषणाला त्याचे अंत्यसंस्कार करायला सांगतो, कारण वैर मरणापाशी संपलं.

मराठी माणसाला तर हे वेगळं सांगायला नको. १४ जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई एका दिवसात संपली. पण आपण तिच्याबद्दल काय सांगत आलो? त्याच वर्षी जूनमध्ये खचून गेलेले नानासाहेब पेशवे. सदाशिवरावभाऊ गेले हे कधीच न मानलेल्या पार्वतीबाई. पुढे भाऊ म्हणून उभा राहिलेला तोतया. बखरकारापासून १९८८ च्या विश्वास पाटलांच्या कादंबरीपर्यंत आपण त्या एका दिवसाभोवती फिरतोय. 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार अडीचशे वर्षांनंतरही जिवंत आहे. कुणाची तलवार किती वजनाची होती, यावर ते स्मरण टिकलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरी जे मोजलं गेलं, त्यावर टिकलंय.

तेव्हा तुमच्या मुला-नातवंडांबरोबर बसून पुढची मालिका बघाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. एक, नायकाला शत्रूचं म्हणणं असं मांडता येतं का, की शत्रूने 'हो, हेच माझं म्हणणं' असं म्हणावं? दोन, नायक कुठे निरुत्तर होतो का? आणि तीन, दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी काय गमावलं ते मोजतं का? तिन्हींना 'हो' आलं तर तो वाद आहे. 'नाही' आलं तरी हरकत नाही, कुस्तीसारखी मजा घ्या. पण फड आणि रणांगण यांत फरक असतो, हे मुलांना कळू द्या.

त्या दोन गल्ल्यांचं पुढे काय झालं, असं विचाराल. वैर संपलं, असं सांगायला आम्हाला आवडलं असतं. ते संपलेलं नाही. दोन्हीकडची मुलं अजून एकमेकांशी बोलत नाहीत, मैदानाच्या वेळा वाटून घेतल्यात. मात्र दुसरी मारामारी झाली नाही. त्यात मालिकेचा वाटा किती, टाके घालणाऱ्या डॉक्टरांचा किती आणि मुलाच्या आईचा किती, ते आम्ही ठरवू शकत नाही. एवढं खरं की त्या मुलाने एकदा आम्हाला विचारलं, "सर, पट्टी बांधायची पण माफ नाही करायचं, असं चालतं?"

आम्ही म्हणालो, "चालतं रे. सुरुवात तिथूनच होते."

इथे थांबतो. आता तुम्ही विचारा. आणि आमचं म्हणणं खोडायचं असेल, तर आधी ते एकदा तुमच्या शब्दांत मांडा. नियम सगळ्यांना सारखा.

नमस्कार.